फेमेल

प्राची चालायला लागली ते दोन हजार अठरा साल. जूनच्या शेवटी तिनं रेगेन्सबर्गच्या भाड्याच्या घरात पहिलं पाऊल टाकलं, आणि पुढच्याच आठवड्यात तिची आजी द्रौपदी जालन्याहून तिथं दाखल झाली. पोरीला पाळणाघरात, म्हणजे तिकडच्या जर्मन भाषेत किटात, जागा मिळणार होती ऑक्टोबरात. तोवर तिला सांभाळणार कोण? जावई सुगत मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर, लेक धम्मदीपा गावाबाहेरच्या एका बियाणे केंद्रात संशोधक. दोघंही सकाळी सातला बाहेर. तेव्हा तीन महिन्यांचा टुरिस्ट व्हिजा काढून द्रौपदीला बोलावून घेतलं होतं.

केंद्रात काम चालायचं ते भांगेच्या झाडावर. पहिल्यांदा ते झाड बघितलं तेव्हा द्रौपदीनं लेकीचा दंडच धरला. आपल्याकडं ह्याचं एक रोप परसात सापडलं तरी पोलीस दारात येतात, आणि ही बया एवढं शिकून इथं तंबू भरभरून गांजा लावते! धम्मदीपानं समजावलं, की ही जात दोराची आणि बियांच्या तेलाची आहे, हिच्यात नशा नाही, सरकारचा परवाना भिंतीवर लावलेला आहे. सुगत म्हणाला, "आई, ह्याची चिलीम भरली तर नुसता खोकला येईल. वर डॉक्टरची अपॉइंटमेंट दोन महिन्यांनी."

दुपारी प्राची आईसाठी फारच रडारड करायची. म्हणून द्रौपदी तिला घेऊन बसनं केंद्रावर जायची आणि तंबूंच्या बाहेरच्या बाकावर बसायची. तिथंच तिची हुबरबाबांशी ओळख झाली.

आलोइस हुबर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांचा बाप दोराची भांग पिकवायचा, बापाचा बापही तेच करायचा. मधे बरीच वर्षं त्या देशात हे पीक बंद होतं, मग पुन्हा सुरू झालं, तेव्हा झाड ओळखणारी माणसं शोधून आणावी लागली. हुबरबाबा त्यांतले. पेन्शनीत निघाले तरी आठवड्यातून तीन दिवस यायचे, मंगळवार ते गुरुवार. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, डोक्याला हिरवी टोपी, आणि बोलणं इतकं गावठी की धम्मदीपालाही निम्मंच कळायचं. द्रौपदीला तर काहीच कळत नव्हतं. पण तिला त्यांचे हात कळायचे.

कारण द्रौपदीनं तीस वर्षं तेच काम केलेलं. जालन्याकडं कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट असतात. संध्याकाळी मादीच्या ओळीतली कळी नखानं सोलायची, आतले केसर काढून टाकायचे, वर लाल कागद बांधायचा, आणि सकाळी नराचं फूल तोडून तिच्यावर हलकं घासायचं. बायका ह्याला क्रॉसिंग म्हणायच्या. फुलातल्या परागाला त्या म्हणायच्या पीठ. नराचं पीठ मादीला लागलं की बोंड धरलं. एका बोटाची चूक झाली तर बोंड वाया, आणि ओळीची चूक झाली तर सगळा प्लॉट वाया.

हुबरबाबांचं पीठ गोळा करणं ती टक लावून बघायची. निवडलेल्या नराच्या फांदीला ते कागदी पिशवी बांधून ठेवत. दव वाळलं की फांदी वाकवून पिशवीवर दोन टिचक्या मारत, पिशवी अलगद सोडवत, आणि काळ्या कागदावर उलटी करत. पिवळं पीठ बारीक चाळणीतून गाळत, पुड्या बांधत, पुड्या काचेच्या बरणीत आणि बरणी बर्फाच्या कपाटात. हे सगळं होईस्तोवर बोलायचं नाही. श्वाससुद्धा मान वळवून घ्यायचा. मग मादीच्या तंबूत जाण्याआधी हात-तोंड धुऊन कपड्यांवर पाण्याचा फवारा मारायचा, कारण पाण्यानं पीठ मरतं. एवढी सोवळ्यातली कामं बघून द्रौपदीला हसू यायचं. पण मनातून तिनं त्या म्हाताऱ्याला मानलं होतं.

प्रत्येक पुडीवर आणि प्रत्येक नर झाडाच्या चिठ्ठीवर ते एकच शब्द लिहीत. पाच अक्षरं. द्रौपदी मराठी अक्षरं शिकली तीच मुळात पन्नाशीजवळ, आणि बसच्या पाट्या वाचण्यापुरती ही परकी अक्षरं तिनं सुगतकडून नुकतीच शिकून घेतली होती. एके दिवशी चिठ्ठीवर बोट ठेवून तिनं एकेक अक्षर जोडून वाचलं, "फे-मे-ल." हुबरबाबांनी मान डोलावली. झाडाच्या पेरातले छोटे छोटे गोळे दाखवले, मग टिचकी मारून पीठ उडाल्याची खूण केली. म्हणजे नर. शेजारच्या मादीचे पांढरे केस दाखवले आणि हातानं नाही, नाही केलं. ती मादी, तिला चिठ्ठी नाही. इतकं सरळ होतं ते.

जुलैच्या शेवटच्या सोमवारी प्राचीला ताप भरला. धम्मदीपा तिला घेऊन डॉक्टरकडं बसली होती. आणि तीन नंबरच्या तंबूतले नर त्याच दिवशी उपटणं भाग होतं. गोळे एकदोन दिवसांत फुटणार होते. हुबरबाबांनी गुरुवारीच नरांना चिठ्ठ्या बांधून ठेवल्या होत्या. उरलेल्या माद्यांवर बरणीतलं खास पीठ टाकायचं, अशी दोन वर्षांची तयारी होती. धम्मदीपानं दवाखान्यातून चारुदत्तला फोन केला. चारुदत्त पुण्याचा, तिच्याच हाताखाली, पण त्याचं सगळं काम काँप्युटरवर. झाडांच्या जनुकांचे तक्ते करायचा. झाडाला हात लावायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. ती म्हणाली, हुबरनी चिठ्ठ्या लावल्यात, त्या बघून नर काढून टाक. तो म्हणाला, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, काळजी करू नकोस.

त्यानं खुर्चीवरून उठायचेही कष्ट घेतले नाहीत. सुट्टीत कामाला आलेल्या दोन विद्यार्थिनींना तंबूत धाडलं आणि फोनवर विचारलं, चिठ्ठीवर काय लिहिलंय? त्या म्हणाल्या, फेमेल. चारुदत्त म्हणाला, अच्छा, म्हणजे त्या फिमेल. त्या ठेवा, बाकीच्या उपटा.

त्यांनी एकूण एक मादी उपटली.

मंगळवारी सकाळी, हुबरबाबा यायच्या आधीच, तंबूत उरलेले सतरा नर एकदम फुटले. पीठ जाळीतून उडून शेजारच्या दोन तंबूंत गेलं, तिथल्या माद्याही बाटल्या. बरणीतलं पीठ तसंच राहिलं, ते टाकायला मादीच नव्हती. आणि ज्या नराचं ते पीठ, ते झाड तर केव्हाच वाळून गेलेलं. नर पीठ देतो आणि मरतो, त्याच्यात तेवढंच असतं. दोन वर्षं मातीत गेली.

शुक्रवारी मीटिंग झाली. केंद्राच्या प्रमुख राइंडलबाई त्याच वसंतात रुजू झाल्या होत्या. औषधांच्या कारखान्यातून आलेल्या, प्रयोगशाळेच्या जाणकार, शेतात पाय ठेवलेला नाही. त्यांच्यासमोर ती चिठ्ठी ठेवली गेली. मादी असं लिहून नराला बांधली, असा अर्थ सगळ्यांनी काढला. हुबरबाबांना विचारलं. ते एवढंच म्हणाले, की फेमेल म्हणजे फेमेल. दुसरं काय लिहायचं असतं? हे ऐकून तरुण मंडळी एकमेकांकडं बघून हसली. राइंडलबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, की वय झालेल्या माणसावर विसंबलो ही केंद्राची चूक झाली, पुढच्या आठवड्यापासून येण्याची तसदी घेऊ नये. हुबरबाबांनी कमरेचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला आणि टोपी घालून निघून गेले. चारुदत्त खाली बघत होता. धम्मदीपाही खाली बघत होती.

हे द्रौपदीला कळलं रविवारी, जेवणाच्या टेबलावर. चारुदत्त दर रविवारी जेवायला यायचा. भरीत, भाकरी, ठेचा असला की पोटभर खायचा आणि काकू, काकू करायचा. त्यानंच, 'तर' म्हणायच्या जागी तिकडचं आल्झो पेरत, गोष्ट रंगवून सांगितली.

"आल्झो काकू, खरं सांगू का? त्या माणसाला साधं स्पेलिंग येत नाही. फिमेलला फेमेल लिहितो."

द्रौपदीनं तव्यावरची भाकरी उलटली. "फिमेल कुठल्या भाषेतलं?"

"इंग्लिश."

"अन् तो म्हातारा कुठला?"

"इथलाच. जर्मन."

"मग त्याच्या देशात त्यानं त्याच्या भाषेत लिहिलं. तुझी इंग्रजी त्याच्या झाडाला कशाला बांधलीस?"

सुगतला हसू फुटलं, पण सासूचा चेहरा बघून त्यानं ते पाण्याबरोबर गिळलं. चारुदत्त म्हणाला, काकू, हे ऑफिसचं असतं, तुम्हाला नाही कळायचं. त्यावर द्रौपदी म्हणाली, नराला मादीपासून वेगळं करण्यात माझी तीस वर्षं गेली, तू सतरा झाडं ओळखू शकला नाहीस, आणि न कळणारी मी? तंबू किती पावलांवर होता तुझ्या खुर्चीपासून? पन्नास? तेवढं चालून जायला तुला काय धाड भरली होती?

"आई, बस कर ना," धम्मदीपा म्हणाली. "हुबर नेहमी तसंच लिहितात, मला माहीत होतं..." आणि तिथंच तिची जीभ अडली.

चारुदत्तनं तिच्याकडं बघितलं. त्यालाही हे नवीन होतं. फेमेल हा त्या भागातल्या शेतकऱ्यांचा जुना शब्द, भांगेच्या नराचा. धम्मदीपानं तीन वर्षांपूर्वीच हुबरबाबांना विचारून घेतलेलं. त्याचं असं आहे, की हे नराचं झाड बारीक, लवकर वाळणारं. जुन्या लोकांनी ठरवलं, एवढं मरतुकडं ते बाईच असणार, म्हणून त्याला बाईचं नाव दिलं. आणि बी देणारी ती जाड, उंच, शेवटपर्यंत उभी, म्हणून ती पुरुष. नाव उलटंच पडलं आणि पिढ्यान् पिढ्या तसंच चाललं.

द्रौपदीनं ते ऐकलं आणि म्हणाली, "वा! राबणारी ती, पोटात धरणारी ती, अन् नाव बाप्याचं. सगळीकडं तेच." पण तिचा राग तेवढ्यावर थांबणारा नव्हता. तिनं गॅस बंद केला. चारुदत्तला भाकरी मागावी असं वाटलं नसावं. तो लवकरच गेला.

तो गेल्यावर मायलेकींची जुंपली. धम्मदीपाचं म्हणणं साधं होतं. सप्टेंबरात तिचं काँट्रॅक्ट वाढायचं होतं. नाही वाढलं तर राहण्याचा परवाना अडकणार, किटाची जागा जाणार, सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हातारा काय, दोन वर्षांत बसणारच होता घरी.

"आणि आई, खोलात चौकशी झाली तर विचारतील, तुमची आई टुरिस्ट व्हिजावर तंबूंजवळ काय करत होती?"

"बाकावर बसले होते मी. लेकरू घेऊन."

"मला माहीत आहे. त्यांना?"

तेव्हा द्रौपदीनं तिला आपल्याबरोबर क्रॉसिंग करणाऱ्या अहिल्येची गोष्ट सांगितली. धम्मदीपा दहावीला होती त्या वर्षी जालन्याच्या प्लॉटवर नराच्या बियांच्या पिशवीला सुपरवायझरनं चुकीची चिठ्ठी लावली. पेरणी उलटी झाली. त्यानं आळ घेतला अहिल्येवर, अंगठेबहाद्दर बाई, हिनंच पिशव्या बदलल्या. अहिल्येला त्या तालुक्यात पुन्हा कोणी प्लॉटवर उभं केलं नाही. चिठ्ठी लावताना द्रौपदीनं डोळ्यांनी बघितलं होतं. ती बोलली नाही. लेकीच्या परीक्षेचं वर्ष आहे, काम गेलं तर कसं, असं स्वतःला सांगत गप्प राहिली. त्यानंतर ती विहारातल्या प्रौढ वर्गात जाऊन बसली, कारण लोक कुणावर काय चिठ्ठी लावतात ते तिला वाचता यायला हवं होतं.

"तुझ्या शाळेसाठी मी एका बाईला बुडवली," ती म्हणाली. "अन् तू ते शिक्षण घेऊन इथं हेच करायला आलीस?"

धम्मदीपा रडली. पण खरं सांगायला हो म्हणाली नाही. म्हणाली, आई, तू सप्टेंबरात जाशील, मला इथंच राहायचंय.

सोमवारी सकाळी द्रौपदीनं प्राचीला बाबागाडीत घातलं, बस पकडली आणि सरळ राइंडलबाईंच्या दारासमोर जाऊन बसली. कुणी काही विचारलं की एकच सांगायची, "राइंडल." शेवटी बाईंनीच दार उघडलं, कॉफी विचारली, आणि दुभाषी म्हणून धम्मदीपाला बोलावून घेतलं. धम्मदीपा आली ती पांढरीफटक होऊन.

द्रौपदी म्हणाली, आधी ते बर्फाचं कपाट उघडा. बाईंना वाटलं, म्हातारीचं काहीतरी खूळ. पण उठल्या. बरण्या बाहेर निघाल्या. द्रौपदीनं एकेक पुडी टेबलावर मांडली. पंधरा सालची, सोळाची, सतराची. सगळ्यांत नराचं पीठ, पीठ नराशिवाय कुणाचं असतच नाही. आणि प्रत्येक पुडीवर हुबरबाबांच्या हातचं तेच, फेमेल. तीन वर्षं तुम्ही हे पीठ वापरलं, त्यातून बियाणं काढलं, तेव्हा ह्या माणसाचं लिहिणं कुणाला चुकलं नाही. मग यंदाच कसं चुकलं?

एवढं धम्मदीपानं जर्मनमध्ये सांगितलं. राइंडलबाई पुड्या फिरवून फिरवून बघत राहिल्या.

"आता पुढचं सांग," द्रौपदी मराठीत म्हणाली. "सांग, की चूक त्यांची नाही. कुणाची आहे तेही सांग."

धम्मदीपा बोलायला लागली. द्रौपदीला त्या भाषेतलं काही कळत नव्हतं. लेक काय सांगते, खरं की सारवासारव, ओळखायला तिच्याकडं एकच साधन होतं. 'मी' ह्या शब्दाला तिकडं इश म्हणतात, हे तिला ठाऊक होतं. प्राचीशी खेळताना सुगत शिकवायचा. ती कान देऊन त्या एका शब्दाची वाट बघत बसली. चारुदत्तचं नाव आलं. हुबरचं आलं. विद्यार्थिनींचं काहीतरी आलं. पुन्हा चारुदत्त. द्रौपदीची कानशिलं तापली. तिनं लेकीकडं असं बघितलं, की लहानपणी खोटं पकडल्यावरसुद्धा असं बघितलं नसेल.

धम्मदीपा थांबली.

"इश," ती म्हणाली. आणि मग पुढं बराच वेळ तेच, इश, इश. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. मीटिंगमध्ये मी गप्प बसले.

राइंडलबाई माणूस म्हणून वाईट नव्हत्या. त्या लाल झाल्या आणि फोन उचलून हुबरना लगेच लावते म्हणाल्या. आणि इथं द्रौपदीनं ते केलं, ज्याचा तिला पुढं जन्मभर राग आला. तिनं हात आडवा धरला. म्हणाली, तोंडी नको. चारचौघांत काढलंय त्यांना, तर चारचौघांना वाचता येईल असं कागदावर लिहून द्या. तोंड फिरतं, कागद फिरत नाही. अक्षरं उशिरा शिकलेल्या माणसाचा अक्षरांवर असा आंधळा विश्वास असतो. बाईंनी मान हलवली आणि फोन खाली ठेवला.

कागद लिहायला पाच मिनिटं लागली असतील. पण त्यावर सही हवी होती मुख्य कचेरीची, आणि ती कचेरी फ्रँकफर्टला. तिथल्या वकिलाला त्यातला माफी हा शब्द पसंत पडला नाही. मग तो शब्द बदलला, तर बदललेला राइंडलबाईंना पसंत पडला नाही. मग एक माणूस रजेवर गेला. ऑगस्ट गेला. धम्मदीपाला दोनाऐवजी एका वर्षाचं काँट्रॅक्ट मिळालं आणि ताकीद देणारं पत्र मिळालं. ते मात्र आठवड्यात आलं. चारुदत्तनं जेवायला येणं सोडलं. काकूंनी वाटोळं केलं, असं तो फ्रँकफर्टच्या मित्रांत सांगत फिरला म्हणे. द्रौपदी म्हणाली, सांगू दे, भाकऱ्या तर वाचल्या.

दर सोमवारी ती लेकीला विचारायची, कागद निघाला का? दोनदा सुगत म्हणाला, आई, चला ना आपण नुसतं भेटून येऊ, गाडीनं वीस मिनिटं लागतात. दोन्ही वेळा तिनं मोडता घातला. रिकाम्या हातानं कोणत्या तोंडानं जाऊ? कागद घेऊनच जाईन. हुबरबाबा त्या दिवसापासून गावात कुणाशी बोलत नाहीत, बागेत जात नाहीत, असं कानावर आलं होतं. तरी ती कागदाचीच वाट बघत राहिली. एकोणतीस सप्टेंबरला तिचं विमान होतं. ती रागानं धुमसत जालन्याला परतली.

सही झालेलं पत्र ऑक्टोबरच्या बारा तारखेला, शुक्रवारी, धम्मदीपाच्या हातात पडलं. पोस्टात न टाकता ती स्वतः घेऊन गेली. दार कोणी उघडलं नाही. शेजारणीनं कुंपणापलीकडून सांगितलं, हृदयाचा झटका आला, दवाखान्यात नेलं होतं, काल माती झाली.

धम्मदीपानं तिथूनच आईला फोन लावला आणि पत्र मराठी करून वाचून दाखवू लागली. अर्ध्यावर द्रौपदी म्हणाली, "मला कशाला वाचतेस? ज्याचं होतं त्याला वाचायचं होतंस. अन् मीही तसलीच. मला कागद हवा होता." आणि तिनं फोन ठेवून दिला.

आलोइस हुबर नऊ ऑक्टोबर दोन हजार अठरा रोजी, मंगळवारी सकाळी, वारले.